पुलपिटाशेजारचा मराठी राजा

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या आवारात एका भिंतीपाशी हटकून थांबतो. सरफोजीराजांनी 1803 साली तिथे भोसले घराण्याची अख्खी बखर दगडावर कोरवून घेतली आहे. तामिळ मुलखात, चोळांनी बांधलेल्या देवळात, ओळीमागून ओळ मराठी अक्षरे पाहून ऊर भरून येतो. मग पावले राजवाड्याकडे आणि सरस्वती महालाकडे वळतात. याच राजाने त्याच सुमारास सांगून घडवून घेतलेला आणखी एक दगड देवळापासून पायी जाण्याच्या अंतरावर, शिवगंगा तळ्याच्या पूर्वेला असलेल्या जुन्या चर्चमध्ये आहे. तो पाहायला मराठी माणसे फारशी जात नाहीत. अर्वाचीन काळात मराठी राजाच्या इच्छेने घडलेल्या शिल्पांत मला त्याच्या तोडीचे दुसरे ठाऊक नाही.

पांढऱ्या संगमरवरातले हे उठावाचे शिल्प आहे. एक म्हातारा मिशनरी अंथरुणावर पडला आहे. त्याच्या बाजूला राजा उभा आहे, राजाच्या मागे दोन दरबारी. दुसऱ्या अंगाला एक सहकारी पाद्री. त्याला कोणी गेरिके म्हणतात, कोणी कोल्हॉफ. बिछान्यापाशी शाळेतली मुले. राजाने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आहे. प्रसंग एवढाच. म्हातारा म्हणजे ख्रिस्तिआन फ्रीडरिख श्वार्ट्झ, राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी आणि शिल्पकार जॉन फ्लॅक्समन. लंडनमध्ये बसून त्याने हे शिल्प केले. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही.

चर्च ज्या आवारात आहे तो तंजावरचा धाकटा किल्ला. नायक राजांच्या काळातली ही तटबंदी. आत बृहदीश्वराचे देऊळ, शिवगंगा तळे, बाग आणि हे चर्च. राजवाडा थोरल्या किल्ल्यात. म्हणजे हे चर्च गावातल्या ख्रिस्ती वस्तीत नाही, राजाच्या तटाच्या आत आहे, आणि शेजार आहे देवळाच्या सुमारे साठ मीटर उंचीच्या विमानाचा, म्हणजे शिखराचा. या विमानाशी उंचीची चढाओढ करण्याचा विचारही बांधणाऱ्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही. चुनेगच्चीच्या भिंती, जाडजूड खांब आणि माणसे बसतील अशी सरळ लांबट जागा. दगडात जीव ओतणाऱ्या चोळ कारागिरांच्या कामाशेजारी ही इमारत बाहेरून पाहणाऱ्याला कोरडी वाटेल. ती कोरडी का आहे हे समजले तरच आतल्या शिल्पाची जागा समजते.

श्वार्ट्झ ल्युथर पंथाचा होता, आणि या पंथाची प्रार्थनामंदिरे आणि राजेलोकांचे किल्ले यांचे नाते जन्मापासूनचे आहे. मार्टिन ल्युथरचा वाद 1517 साली सुरू झाला तो विटेनबर्गच्या किल्ल्याला लागून असलेल्या चर्चच्या संदर्भात, आणि 1546 साली त्याला पुरले तेही त्याच चर्चमध्ये. मुळात ल्युथरच्या पंथासाठी म्हणून बांधलेल्या पहिल्या प्रार्थनागृहांत टोरगाव येथील हार्टनफेल्स किल्ल्यातल्या चॅपेलचे नाव अग्रभागी येते. 5 ऑक्टोबर 1544 रोजी खुद्द ल्युथरने त्याचे उद्घाटन केले. सॅक्सनीच्या राजाच्या वाड्याचाच तो एक भाग. बाहेरून पाहिले तर वाड्याच्या ओळीत मिसळून गेलेला. आत गेल्यावर मात्र पहिली नजर वेदीकडे न जाता पुलपिटाकडे जाते. ज्या उंच सज्जातून पाद्री उपदेश करतो तो लांबीच्या भिंतीच्या मध्यावर बसवलेला, भोवती सगळीकडे सज्जे, जेणेकरून कुठूनही शब्द ऐकू यावा. दर्शन घेण्याची जागा ती ऐकण्याची जागा झाली. ल्युथरच्या धर्मसुधारणेतला वास्तुविचार एवढ्या एका बदलात सामावलेला आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पण या वास्तूंची दुसरीही बाजू आहे. जो किल्ल्याचा धनी तोच देवळाचा धनी. 1555 साली ऑग्जबर्गला तह झाला, त्याने राजाचा पंथ तोच प्रजेचा पंथ असे ठरले. सुधारणेने पोपाच्या हातातून सुटलेला धर्म राजाच्या मुठीत गेला. किल्ल्याला चिकटलेल्या प्रत्येक चर्चकडे पाहताना म्हणूनच मी आधी विचारतो: इथे आश्रय कोणी कोणाला दिला, आणि त्याच्या बदल्यात काय घेतले?

हा प्रश्न मला जर्मनीच्या इतिहासाने शिकवला नाही. तो माझ्या गावाने शिकवला. बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार संपून पायनघाटाचा सपाट मुलूख जिथे सुरू होतो त्या सांध्यावर रोहिणखेड आहे. घाटाच्या तोंडाशी असल्याने बुऱ्हाणपूरकडून दक्षिणेत उतरणाऱ्या आणि दक्षिणेतून वर जाणाऱ्या फौजांना ते चुकवता येत नसे. 1437 साली बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिरखान फारुकीला इथेच गाठून मोडले. बहमनी सुलतानाला दिलेल्या आपल्या मुलीची सासरी हेळसांड झाली म्हणून हा बाप चालून आला होता. गावात एक लहानशी, देखणी मशीद आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती संरक्षित केली आहे. ती 1582 साली खुदावंदखान महदवी याने बांधली. नावातला 'महदवी' हा शब्द महत्त्वाचा. जौनपूरचे सय्यद मुहंमद (1443 ते 1505) यांच्या सुधारणावादी पंथाचे हे अनुयायी. संपत्तीचा त्याग, अखंड नामस्मरण आणि मिळेल ते सगळ्यांनी सारखे वाटून घेणे ही त्यांच्या दायऱ्यांची, म्हणजे वस्त्यांची, शिस्त. सय्यद मुहंमद वारले तेव्हा ल्युथर एकवीस वर्षांचा होता. दोन दूरच्या मुलखांत, एकमेकांचे नावही न ऐकता, धर्माच्या मुळाकडे परत चला असे सांगणारे दोन प्रवाह एकाच शतकात वाहत होते.

पुढे काय झाले तेही टोरगावची आठवण करून देणारे आहे. 1589 मध्ये जमालखान या महदवी सरदाराने अहमदनगरची सत्ता ताब्यात घेतली, इस्माईल नावाच्या मुलाला गादीवर बसवले आणि महदवी पंथ हाच राज्याचा धर्म ठरवला. वाटून खाण्याची शिकवण देणारा पंथ तलवारीच्या बळावर दरबारी झाला. दोनेक वर्षांतच त्या मुलाचा बाप बुऱ्हाण खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन चालून आला. लढाई झाली ती रोहिणखेडलाच. जमालखान पडला, इस्माईल कैद झाला, बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर बसला आणि महदवींचे राज्य संपले. मशिदीला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. तिच्या पंथाची सत्ता तिच्याच शिवारात बुडाली, आणि ती मात्र उभी राहिली. या मशिदीपाशी वाढलेल्या माणसाला प्रार्थनास्थळ आणि सत्ता यांचे नाते किती नाजूक असते हे शाळेच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

टोरगावला राजा पंथात आला आणि पंथ राजाचा झाला. अहमदनगरला सरदार पंथातला होता आणि सत्ता गेल्यावर पंथ उघड्यावर पडला. तंजावरला तिसरेच घडले, आणि त्यासाठीच मला ते चर्च मोलाचे वाटते. तिथला राजा पंथात आला नाही, त्याने पंथाला हाकललेही नाही, आणि तरी त्या प्रार्थनाघरातली सर्वांत सुंदर वस्तू त्यानेच दिली.

शहाजीराजे आमच्या सिंदखेडचे जावई. त्यांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई यांचे चिरंजीव व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर घेतले आणि कावेरीकाठी मराठी गादी रुजवली. त्याच्या आधीच, 1620 साली, तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या लोकांना समुद्रकाठचे तरंगमबाडी गाव व्यापारासाठी दिले होते. डॅनिश लोकांनी तिथे डान्सबोर्ग हा किल्ला बांधला. 9 जुलै 1706 रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शाउ हे दोन जर्मन तरुण तिथे उतरले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्यांना धाडले होते आणि त्यांची तयारी झाली होती जर्मनीतल्या हाले या शहराच्या वातावरणात. हिंदुस्थानातल्या प्रॉटेस्टंट मिशनची सुरुवात या दोघांपासून होते. त्सीगेनबाल्गने तामिळ शिकून नव्या कराराचे भाषांतर छापले, 1718 मध्ये तरंगमबाडीत नवे चर्च उघडले आणि दुसऱ्याच वर्षी तो वारला.

श्वार्ट्झ हा याच परंपरेतला. 1726 साली प्रशियातल्या सोनेनबर्गला जन्मला, हालेला शिकला, 1750 मध्ये तरंगमबाडीला आला आणि मायदेशी परत गेलाच नाही. लग्न केले नाही. तामिळ, पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्थानी या भाषा तो कामापुरत्या नव्हे तर बोलण्यासाठी शिकला, आणि तंजावर दरबारात वावरायचे म्हणून मराठीही. तिरुचिरापल्लीच्या किल्ल्यात त्याने 1766 मध्ये चर्च बांधले. पुढे तो तंजावरला स्थायिक झाला. तंजावरचे तुळजाजीराजे त्याला मानत. ते त्याचे ऐकत, पण त्याच्या धर्मात जात नसत. आणि जात नाहीत म्हणून श्वार्ट्झने त्यांचे दार सोडले नाही. 1779 मध्ये हैदर अलीकडे बोलणी करायला कोणाला धाडावे असा प्रश्न इंग्रजांना पडला तेव्हा त्यांनी याच माणसाला श्रीरंगपट्टणला पाठवले. त्यानंतरच्या युद्धात तंजावर मुलखात दुष्काळ पडला. किल्ल्यात दाणा नव्हता आणि पैसे बुडतील या भीतीने शेतकरी धान्य विकायला तयार नव्हते. श्वार्ट्झने पैशाची हमी घेतली तेव्हा कोठारे उघडली. कंपनी सरकारला जी पत नव्हती ती या पाद्र्याच्या शब्दाला होती.

तंजावरचे चर्च त्या धामधुमीतले. काम 1779 साली सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते उपासनेसाठी खुले झाले. किल्ल्यात कंपनीची पलटण होती. इंग्रज शिपायांना इंग्रजीत, तामिळ मंडळीला तामिळमध्ये, असे एकाच छताखाली वेगवेगळ्या भाषांत उपदेश चालत. प्रवाशांना सांगितल्या जाणाऱ्या माहितीत एक गोष्ट वारंवार येते: सरफोजीराजांनी श्वार्ट्झवरच्या प्रेमापोटी 1779 साली हे चर्च बांधले. हे होणे शक्य नाही. सरफोजींचा जन्म 1777 चा. चर्चचा पाया खणला तेव्हा ते दुडुदुडु धावत असतील, तेही राजवाड्याबाहेर, कारण दत्तक ते 1787 मध्ये आले. चर्च तुळजाजींच्या अमदानीत उभे राहिले ते श्वार्ट्झच्या खटपटीने. हा फरक केवळ सनावळीचा नाही. सरफोजींच्या नावावर इमारत टाकली की त्यांनी खरोखर दिलेली वस्तू झाकली जाते. राजाने चर्च दिले असे म्हणणे म्हणजे त्याला टोरगावच्या राजांच्या रांगेत बसवणे. त्याचे देणे त्याहून लहान होते आणि त्याहून खोल.

1787 मध्ये मरणाच्या दारी असलेल्या तुळजाजींनी नऊ-दहा वर्षांचे दत्तक पोर श्वार्ट्झच्या ओटीत घालू पाहिले. परदेशी पाद्र्याने राजपुत्राचा कारभारी होणे योग्य नाही असे समजून त्याने सल्ला दिला की राजांचे भाऊ अमरसिंह यांनी मुलाचे पालनपोषण करावे. तो सल्ला महागात पडला. अमरसिंह स्वतःच गादीवर बसले आणि मुलगा वाड्याच्या एका कोपऱ्यात कोंडल्यासारखा वाढू लागला. श्वार्ट्झ मग मुलासाठी कंपनीकडे झगडला. 1793 मध्ये सरफोजी मद्रासला गेले आणि गेरिके या दुसऱ्या ल्युथरन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले. दत्तक कायदेशीर होते की नाही हा वाद पंडितांपर्यंत गेला आणि अखेर जून 1798 मध्ये सरफोजींना गादी मिळाली. श्वार्ट्झ त्याआधी, 13 फेब्रुवारी 1798 रोजी, वारला होता.

या तारखा लक्षात ठेवून आता संगमरवराकडे पाहिले पाहिजे. अंथरुणाशी जो उभा आहे तो त्या घडीला राजा नव्हता. कोर्टकचेरीत अडकलेला एक वारसदार होता आणि ज्याने त्याच्यासाठी जीव टाकला तो म्हातारा निकाल न पाहताच चालला होता. आजारपणात सरफोजी त्याला भेटले होते. मृत्यूनंतर शवपेटीवर त्यांनी जरीचे वस्त्र घातले आणि ते थडग्यापर्यंत गेले. शिल्पात मात्र ते राजा म्हणून उभे आहेत, दरबारी मागे आहेत. शिल्पकाराने इतिहास चुकवला असे कोणी म्हणेल. मला ते उलट वाटते. राजाने राजा झाल्यावर स्वतःला त्या अंथरुणाशी परत नेऊन उभे केले आहे. जिवंतपणी गुरूला जे दाखवता आले नाही ते दगडात दाखवले आहे.

दरबारात राजा बसतो आणि बाकीचे उभे राहतात. इथे राजा उभा आहे आणि गुरू पडलेला आहे. ही उलटापालट शिल्पात कुठे ठसवून सांगितलेली नाही, ती नुसत्या मांडणीत आहे. आपल्याकडे गुरूच्या पायाला हात लावण्याची रीत. पायांवर डोके ठेवणारा राजा कोरला असता तरी कोणाला वावगे वाटले नसते. फ्लॅक्समनने हात घेतला. याचे कारण त्याच्या शिक्षणात आहे. 1755 साली जन्मलेला हा शिल्पकार सात वर्षे रोममध्ये राहून आला होता. इलियड आणि ओडिसी यांच्यासाठी त्याने केलेली रेषाचित्रे युरोपभर गाजली होती. त्याआधी वेजवूडच्या कारखान्यासाठी त्याने चिनी मातीवर उठावाची कामे केली होती. प्राचीन ग्रीक थडग्यांच्या दगडांवर मेलेला आणि जिवंत असे दोघे एकमेकांचा हात धरून उभे असलेले दिसतात. तो निरोपाचा हात आहे. आकांत नाही, ऊर बडवणे नाही. फ्लॅक्समनने तीच खूण कावेरीकाठी आणली. म्हणजे हिंदू राजा आणि ल्युथरन पाद्री यांच्या भेटीचे व्याकरण आले ते या दोघांच्याही धर्माबाहेरून. माझ्या दृष्टीने ही या शिल्पातली सर्वांत मोठी सुज्ञता. हिंदू रीतीने वाकलेला राजा दाखवला असता तर गुरू देव झाला असता, आणि ते श्वार्ट्झला पटले नसते. ख्रिस्ती रीतीने गुडघे टेकलेला राजा दाखवला असता तर तो धर्मांतरित वाटला असता, आणि ते खोटे झाले असते. हातात हात हा दोघांनाही आपले काही न सोडता करता येण्याजोगा एकच व्यवहार होता.

फ्लॅक्समनच्या हाताची खासियत म्हणजे काटकसर. उठाव उथळ ठेवायचा, आकृत्या बाजूने दाखवायच्या, कपड्याच्या चुण्या लांब आणि शांत ओळींत सोडायच्या आणि रेषेवरच भिस्त ठेवायची. त्यामुळे शोक चेहऱ्यांवर न दिसता अंगांच्या कलण्यात दिसतो. मुले बिछान्याशी आहेत हे मला फार आवडते. राजा, दरबारी, पाद्री ही सगळी मोठ्या जगातली माणसे. त्या मुलांमुळे चित्र घरातले होते. शिवाय श्वार्ट्झच्या आयुष्याचा मोठा भाग शाळा काढण्यात गेला. सरफोजीही एके काळी त्यातलाच एक मुलगा होता हे त्या मुलांकडे पाहताना कळते. शिल्पात एकाच माणसाची दोन वये आहेत असे मी धरतो: एक हात धरून उभे, दुसरे बिछान्याशी खाली.

तुलनेसाठी मद्रासला जावे. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये श्वार्ट्झचे दुसरे स्मारक आहे, ईस्ट इंडिया कंपनीने धाकट्या जॉन बेकनकडून करवून घेतलेले. तेही किल्ल्यातले चर्च, तोही संगमरवर, तोही मृत्युशय्येचा प्रसंग. पण तिथे वरून क्रूस घेऊन येणारी स्वर्गीय आकृती आहे, प्रतीकांची गर्दी आहे. काम कसबी आहे यात शंका नाही. तरी कंपनीने आपल्या उपयोगी पडलेल्या माणसाचा जाहीर गौरव केला आहे, हे ते विसरू देत नाही. तंजावरच्या शिल्पात वरून कोणी येत नाही. जे काही घडते ते माणसामाणसांत, हाताच्या अंतरावर.

आता त्याची जागा. राजा झाल्यावर सरफोजींनी 1801 मध्ये लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला, जी श्वार्ट्झच्या कामाला पैसा पुरवत असे, पत्र लिहून संगमरवरी स्मारकाची मागणी केली. ते कुठे बसवायचे हेही कळवले: ज्या पुलपिटावरून श्वार्ट्झ उपदेश करीत त्याच्या शेजारच्या खांबाशी. खांब साधारण दोन हात रुंद आहेत, असे मापही दिले. या पत्राचा विचार करताना मला टोरगाव आठवते. राजाने वेदीजवळची जागा मागितली नाही, दारावरची मागितली नाही. ल्युथरन घराचे हृदय कुठे असते हे त्या परधर्मी राजाने अचूक ओळखले होते. ते जिथून शब्द ऐकू येतो तिथे असते, आणि तिथे, ऐकणाऱ्याच्या जागी, त्याने स्वतःची आकृती ठेवायला सांगितली. बांधणाऱ्याने इमारत कोरडी ठेवली होती ती ऐकण्यात व्यत्यय येऊ नये म्हणून. त्या कोरडेपणात राजाने एकच शिल्प घातले आणि तेही ऐकण्याचे.

श्वार्ट्झचे थडगे इथे नाही. ते किल्ल्याबाहेर मिशनच्या वस्तीतल्या चर्चमध्ये आहे आणि त्याच्या शिळेवर सरफोजींनी स्वतः इंग्रजीत रचलेल्या यमकबद्ध ओळी आहेत. कवितेच्या कसोटीला त्या लावू नयेत. परक्या भाषेत जुळवलेली यमके अडखळतात, पण अनाथांचा बाप आणि विधवांचा आधार म्हणून गुरूला हाक मारणारा हा मराठी राजा कोणाकडून लिहवून घेत नाही, स्वतः लिहितो.

या सगळ्याला राजकारणाची पार्श्वभूमी आहेच. 1799 च्या तहाने सरफोजींनी कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख आणि तनखा एवढेच उरले. श्वार्ट्झ स्वतः कंपनीच्या विश्वासातला होता, राज्याच्या कारभारासाठी नेमलेल्या समितीत त्याने काम केले होते. तो कंपनीचा हस्तक होता असे मानणारे आजही आहेत. मला ते मान्य नाही, पण ज्या रस्त्याने कंपनी तंजावरात शिरली त्या रस्त्यावर त्याची पावले उमटली आहेत हेही खरे. चर्चच्या फरशीवरही एक दुखरी गोष्ट घडली. तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीत वेल्लाळ आणि परैयर या जातींचे लोक वेगवेगळे बसत, आणि श्वार्ट्झने ते चालू दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात नव्या मिशनऱ्यांनी ही रीत मोडायचे ठरवले तेव्हा मोठा तंटा झाला, आणि जुनी रीत राखण्याच्या बाजूने श्वार्ट्झचाच शिष्य, मोठा तामिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री उभा राहिला. पुलपिटावरून येणारा शब्द सगळ्यांना सारखा ऐकू येत होता, बसायची जागा मात्र सारखी नव्हती. आमच्या रोहिणखेडच्या मशिदीमागचा पंथ मिळालेले सारखे वाटून घ्या म्हणत होता. तोही दरबारात गेल्यावर काय झाले ते वर सांगितलेच. मोठ्या शिकवणीची इमारत पाहताना तिची फरशीही पाहावी.

सरफोजींच्या बाजूने मात्र हिशेब स्वच्छ आहे. त्यांनी ख्रिस्ती गुरूकडून घेतले ते उघडपणे वापरले. 1805 च्या सुमारास छापखाना आणला. तिथे इसापनीतीच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत, देवनागरी खिळ्यांत छापल्या गेल्या. शाळा काढल्या, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले, सरस्वती महालात पोथ्यांशेजारी युरोपातली पुस्तके आणून ठेवली. आणि हे करताना देवळातल्या भिंतीवर पूर्वजांची बखर कोरवली, अन्नछत्रे चालवली, काशीयात्राही केली. 1826 च्या मार्चमध्ये बिशप हेबर तंजावरला आला, किल्ल्यातल्या चर्चमध्ये त्याने उपदेश केला आणि राजांची भेट घेऊन त्यांच्या विद्वत्तेने तो थक्क झाला. राजांना ख्रिस्ती करून घेता आले नाही याची हळहळ मिशनऱ्यांच्या लिखाणात अधूनमधून उमटते. शिल्पापुढे उभे राहिले की ती हळहळ अनाठायी वाटते. तो ख्रिस्ती झाला असता तर हा हात नुसता पंथबंधूचा झाला असता.

1832 मध्ये सरफोजी वारले, 1855 मध्ये त्यांच्या मुलामागे गादी खालसा झाली. चर्चही ल्युथरन राहिले नाही; ते आधी अँग्लिकन मिशनकडे गेले आणि 1947 नंतर चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आले. लोक त्याला अजून श्वार्ट्झ चर्चच म्हणतात. तंजावरला जाल तेव्हा देवळातली मराठी बखर वाचून झाल्यावर थेट राजवाड्याकडे वळू नका. शिवगंगा बागेतून चर्चकडे चला, उपासना चालू नसेल अशा वेळी परवानगी मागून आत जा, आणि राजाच्या चेहऱ्याआधी त्याचा हात पाहा.